‘माझी आई कुठे आहे?’: एका प्रश्नाची तीन उत्तरं

समजा, अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या आजी दाराशी उभ्या आहेत. रडवेल्या होऊन विचारतायत, “माझी आई कुठे आहे? मला घरी जायचंय.” तुम्ही तिथे कामाला असता, तर काय म्हणाला असता?

पहिलं उत्तर: खरं काय ते सांगा. १९५८ मध्ये कॅन्ससमधल्या टोपिका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जेम्स फॉल्सम यांनी वृद्ध रुग्णांसाठी एक उपक्रम सुरू केला. त्यातून पुढे ‘रिअ‍ॅलिटी ओरिएंटेशन’ ही पद्धत आली. भिंतीवर फळा, त्यावर आजचा वार, तारीख, हवामान. कर्मचाऱ्यांनी दिवसभर हीच माहिती बोलण्यात आणायची. आज हे साधं वाटेल, पण अशा रुग्णांना नुसतं खाऊपिऊ घालून बसवून ठेवण्याच्या काळात हे मोठं पाऊल होतं. अडचण एवढीच, की “आजी, तुमची आई केव्हाच वारली” हे खरं असलं, तरी आजींना ती बातमी नवीच असते!

दुसरं उत्तर नेओमी फाइल यांचं. त्या समाजकार्यकर्त्या. वडील क्लीव्हलँडच्या मॉन्टेफिओर वृद्धाश्रमाचे प्रमुख, त्यामुळे बालपण तिथेच गेलं. १९६३ पासून तिथल्या गोंधळलेल्या वृद्धांसोबत काम करताना त्यांना दिसलं, की वास्तवात ओढून आणायला गेलं की माणसं आणखी मिटतात. मग त्यांनी ‘व्हॅलिडेशन’ पद्धत घडवली. वाद घालायचा नाही, खोटंही बोलायचं नाही. नजरेला नजर देऊन विचारायचं, “आईची फार आठवण येते का? कशी होती ती?”

तिसरं उत्तर गोळीचं. अँटिसायकोटिक औषधं अशा अस्वस्थतेवर सर्रास दिली गेली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने यातल्या नव्या पिढीच्या औषधांबद्दल इशारा दिला: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. म्हणजे शब्दांनी शांत करता येतं का, हा प्रश्न जिवाशी येऊन ठेपला.

मग ‘व्हॅलिडेशन’चा पुरावा काय? २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणारे अभ्यास निघाले फक्त ३, रुग्ण ११६. एखाद-दुसऱ्या मोजमापात फरक दिसला, पण ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता.

इथे थांबा. ‘पुरावा पुरेसा नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असं नव्हे. आणि ‘उपयोग आहे’ असंही नव्हे. शिवाय प्रत्येक उत्तरामागे मोजपट्टी वेगळी आहे, बघा. फॉल्सम यांच्या पद्धतीत यश म्हणजे वार-तारीख सांगता येणं. ते मोजायला सोपं. फाइल यांच्यासाठी यश म्हणजे आजींना कुणीतरी ऐकून घेतलं असं वाटणं; ते मोजायला महाकठीण. गोळीने आरडाओरडा थांबतो, पण आजींना बरं वाटलं की नुसती गुंगी आली, हे त्या आकड्यातून कळत नाही.

संशोधन प्रस्ताव लिहिताना आपण ‘परिणाम कसा मोजणार’ हा रकाना बऱ्याचदा शेवटी भरतो. तो आधी भरा. आणि शेजारी लिहा: हा बदल झाला तर नक्की कुणाला बरं वाटेल, आजींना की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला?