एका मुठीतल्या चुंबकाचा इतिहास: कोल्वेझी, टोकियो, अँडरसन आणि आपली वाळू

१/१२
एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे उत्पादन कमी करावे लागले. मुठीत मावतील एवढ्या धातूच्या तुकड्यांवाचून कारखाना अडतो तो का? याचे उत्तर खाणीत कमी आणि गेल्या ५० वर्षांच्या इतिहासात अधिक सापडते. त्याविषयी हा धागा.

२/१२
आधी नावाविषयी. १७८७ मध्ये स्टॉकहोमजवळच्या इटरबी गावी कार्ल अ‍ॅक्सेल अरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक काळा, जड दगड सापडला. १७९४ मध्ये योहान गादोलिन यांनी त्यात नवी ‘मृदा’ असल्याचे दाखवले. धातूच्या ऑक्साइडला तेव्हाचे रसायनज्ञ मृदा म्हणत. पुढे ‘दुर्मीळ मृदा’ हेच नाव रूढ झाले. वास्तविक ही माती नव्हे आणि फारशी दुर्मीळही नव्हे. भूकवचात निओडिमियम शिशाहून अधिक आहे.

३/१२
मग अडचण कोणती? ही मूलद्रव्ये एकाच खनिजात एकत्र नांदतात आणि रासायनिक गुणधर्मांत इतकी सारखी असतात की त्यांना वेगळे करणे जिकिरीचे ठरते. ‘डिडिमियम’ हे एकच मूलद्रव्य आहे असे विद्वान कित्येक वर्षे मानत होते. १८८५ मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्यातून प्रेझिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे केले. ‘वेगळे करणे’ हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढचे सारे राजकारण त्याच्याभोवती फिरते.

४/१२
शालेय पुस्तकातला चुंबक नालेच्या आकाराचा का असतो? पोलादाचे जुने चुंबक आखूड केले की आपली शक्ती आपणच गमावून बसत. म्हणून ते लांब ठेवून वाकवावे लागत. १९६६ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनाट आणि गॅरी हॉफर यांनी इट्रियम-कोबाल्ट संयुगाचे गुणधर्म मांडले आणि हे बंधन सुटण्याची वाट दिसली.

५/१२
त्यातून समेरियम-कोबाल्ट चुंबक आला. यात कोबाल्ट चुंबकत्वाचे बळ पुरवतो आणि समेरियमचा अणू त्या बळाची दिशा घट्ट धरून ठेवतो. याचे दोन प्रकार आहेत: एका समेरियम अणूमागे पाच कोबाल्ट अणूंचा, आणि दोनांमागे सतरांचा. दोन्ही उष्णता उत्तम सोसतात, म्हणून क्षेपणास्त्रे, उपग्रह आणि रडार यांत आजही त्यांना मान आहे. १९७९ च्या वॉकमनचे हलके हेडफोनही याच चुंबकामुळे शक्य झाले.

६/१२
परंतु कोबाल्टचा मोठा पुरवठा झैरे देशाच्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) शाबा प्रांतातून होई. मे १९७८ मध्ये अंगोलातून आलेल्या बंडखोरांनी तेथील कोल्वेझी हे खाणनगर काबीज केले. फ्रेंच आणि बेल्जियन छत्रीधारी सैनिक उतरले, खाणी ठप्प झाल्या, आणि कोबाल्टचा भाव कित्येक पटींनी चढला. कोबाल्टविना चुंबक ही आता निकड झाली.

७/१२
योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत, टोकियोतील एका परिसंवादात मासातो सागावा या तरुण संशोधकाच्या मनात एक कल्पना आली होती. लोखंडाचे अणू फार जवळ असतात म्हणून चुंबक दुबळा राहतो; मग मध्ये बोरॉनसारखा लहान अणू घातला तर? ते नोकरीस असलेल्या फुजित्सूला त्यात रस नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, सुमितोमो स्पेशल मेटल्सचा आश्रय घेतला आणि काही महिन्यांत निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक सिद्ध केला.

८/१२
नोव्हेंबर १९८३ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, तेव्हा जनरल मोटर्सचे जॉन क्रोट हेही स्वतंत्रपणे त्याच संयुगापाशी पोहोचले होते. सागावांची रीत धातूची भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजण्याची. क्रोट यांची रीत वितळलेला धातू फिरत्या चाकावर ओतून त्याच्या पातळ फिती करण्याची. पहिल्या रीतीचे चुंबक वाहनांच्या मोटारी आणि पवनचक्क्या यांत जातात. दुसरीची भुकटी राळेत मिसळून छोटे, नाजूक आकार घडवता येतात.

९/१२
या चुंबकाचे वैगुण्य उष्णता. साधा प्रकार सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे कमजोर होऊ लागतो. वाहनाच्या तापणाऱ्या मोटारीसाठी त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. ‘डिस्प्रोसियम’ या ग्रीक नावाचा अर्थच ‘मिळण्यास कठीण’. कोबाल्टच्या अवलंबित्वातून सुटण्यासाठी शोधलेल्या चुंबकाने अशा रीतीने नवे अवलंबित्व जन्मास घातले. चीनच्या २०२५ च्या यादीत ही दोन्ही नावे आहेत.

१०/१२
जनरल मोटर्सने इंडियानातील अँडरसन येथे मॅग्नेक्वेंच ही शाखा उभारली. १९९५ मध्ये ती ज्या गटाला विकली गेली, त्यात चिनी कंपन्या होत्या. पुढे अँडरसनचे काम बंद पडले आणि उत्पादन चीनमध्ये गेले. मंगोलियालगतच्या बायान ओबोची खाण चीनकडे होतीच. खनिज वेगळे करण्यापासून चुंबक घडवण्यापर्यंतची साखळीही त्याने बांधली. २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळच्या बोटींच्या टकरीनंतर जपानकडे जाणारा माल अडला, आणि ही साखळी शस्त्र म्हणून वापरता येते हे जगाला उमगले.

११/१२
आणि आपण? १९०९ मध्येच त्रावणकोरातील मनवलकुरिचीच्या वाळूत मोनाझाइट सापडले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज मुंबईत प्रभादेवीला आहे. मोनाझाइटात थोरियम असल्याने ते अणुऊर्जेच्या कडक नियमनाखाली राहिले. ते ‘इंधन’ म्हणून जपले गेले, ‘चुंबक’ म्हणून फारसे पाहिले गेले नाही. २०१२ च्या करारानुसार आपला माल जपानला जात राहिला आणि तयार चुंबक आपण बाहेरून आणत राहिलो.

१२/१२
नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशातच चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन हे तिचे लक्ष्य आहे. तिचे मूल्यमापन करताना १९७८ आणि १९९५ ही दोन वर्षे समोर ठेवावीत. पहिल्या वर्षीच्या टंचाईने कोबाल्टविना चुंबकाची निकड निर्माण केली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या भूमीत खनिज होते तसेच राहिले; गेले ते कारखाने आणि कसबी हात. आपल्याकडे वाळू १९०९ पासून आहे. उभारायचे आहे ते बाकी सारे.