गेट स्थान-निर्बंध
गेट स्थान-निर्बंध म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगच्या संगणकीय सिम्युलेशनमध्ये, वितळलेले प्लास्टिक साच्याच्या पोकळीत जेथून शिरते ते द्वार (गेट) कोठे नसावे, हे आधीच ठरवून देणे. सॉफ्टवेअर प्रवाहाचा रोध व भरणाचा समतोल पाहून जागा सुचवते. परंतु गेट तोडल्यावर उरणारा व्रण दर्शनी भागावर चालणार नाही, किंवा साच्याच्या सरकत्या भागामुळे तेथे वाट काढता येणार नाही, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून वापरकर्ता प्रतिकृतीच्या जाळीतील असे बिंदू वर्ज्य ठरवतो. मात्र निर्बंध अतिरिक्त झाल्यास प्रवाहमार्ग लांबतो, दाब वाढतो आणि जोडरेषा नको तेथे उमटतात. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात आरंभ झालेल्या व २००८ पासून ऑटोडेस्ककडे असलेल्या ‘मोल्डफ्लो’मध्ये ही सोय आहे. वर्ध्यालगतच्या चंद्रपूर जिल्ह्यात प्लास्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारे ‘सिपेट’ या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे.