गुगल क्लासरूम: फोटो पाठवला म्हणजे स्वाध्याय जमा झाला का?

"सर, मी फोटो पाठवला होता." सहावी ते आठवीच्या वर्गात हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. फोटो गेलेला असतो. पण तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेला असतो, नाहीतर क्लासरूममध्ये नुसता जोडून ठेवलेला असतो. शिक्षकांच्या यादीत मात्र त्या मुलाच्या नावापुढे 'मिसिंग' दिसत असतं.

महाराष्ट्रात या वर्गांना आकारिक मूल्यमापन असतं. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा वर्षभराच्या कामाची नोंद त्यात होते. गणिताचं उत्तर चाचणीत पटकन तपासता येतं. मराठीचा निबंध, भूगोलाचा नकाशा, इतिहासासाठी घेतलेली मुलाखत ही कामं घरी होतात आणि बऱ्याच शाळांत आता फोनवरून जमा होतात. काम करूनही नोंद झाली नाही तर मुलाचं नुकसान होतं, म्हणून हा लेख. तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल किंवा धाकट्या भावंडाचा गृहपाठ तुमच्या फोनवरून जात असेल, तर पुढच्या गोष्टी माहीत हव्यातच. (फोनची भाषा मराठी असेल तर अ‍ॅपमधली बटणं मराठीत दिसतील. इथे मी इंग्रजी नावं वापरली आहेत.)

सूचना वेगळी, स्वाध्याय वेगळा

"उद्या भूगोलाचा तास दुसऱ्या तासिकेला" ही सूचना झाली. वाचली की काम संपलं. "महाराष्ट्राच्या नकाशात प्रमुख नद्या दाखवा, शुक्रवारपर्यंत" हा स्वाध्याय. त्याला मुदत आहे, प्रत्येक मुलाचं वेगळं उत्तर आहे, तपासणी आहे आणि शेवटी शेरा आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये हे दोन्ही एकाच रांगेत येतात आणि मधे चाळीस जणांचं "ओके सर" येतं. संध्याकाळपर्यंत नकाशाचा मेसेज कुठल्या कुठे वर गेलेला असतो.

गुगल क्लासरूममध्ये यासाठी दोन वेगळे टॅब आहेत. 'स्ट्रीम'वर सूचना येतात. 'क्लासवर्क'मध्ये स्वाध्याय असतात, तेही शिक्षकांनी लावलेल्या विषयवार गटांत. नवीन स्वाध्यायाची खबर स्ट्रीमवरही दिसू शकते, म्हणून बरीच मुलं तिथेच खाली कमेंटमध्ये उत्तर लिहून मोकळी होतात. ती कमेंट सगळ्या वर्गाला दिसते आणि ती स्वाध्याय म्हणून धरली जात नाही. सवय एकच लावा: अ‍ॅप उघडलं की आधी क्लासवर्क.

हे अ‍ॅप 2014 मध्ये आलं. सुरुवातीला ते फक्त शाळेने दिलेल्या खात्यांवर चालायचं. 2017 मध्ये साध्या जीमेल खात्यांनाही खुलं झालं. अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, आणि तिथे लँग्वेज आर्ट्सचे शिक्षक वेगळे, सोशल स्टडीजचे वेगळे. अ‍ॅपमधला 'क्लास' या पद्धतीत चपखल बसतो: एक विषय, एक शिक्षक, एक क्लास. आपल्याकडे बऱ्याचदा '7 वी ब' असा एकच क्लास काढून सगळे विषय त्यात टाकतात. चालतं, पण मग शिक्षकांनी विषयवार गट केले नाहीत तर इतिहासाचा स्वाध्याय शोधताना नाकी नऊ येतात.

'टर्न इन' म्हणजे नक्की काय?

ऑफिसात आम्ही कामाची 'तिकिटं' वापरतो. प्रत्येक तिकिटाची एक स्थिती असते: दिलेलं, सुरू, झालं. कोड कितीही चांगला लिहा, स्थिती बदलली नाही तर काम बाकीच दिसतं. क्लासरूमचा स्वाध्यायही असाच चालतो. सुरुवातीला तो 'असाइन्ड' असतो. तुम्ही 'टर्न इन' दाबलं की 'टर्न्ड इन'. शिक्षकांनी तपासून परत दिला की 'रिटर्न्ड', किंवा गुण दिसतात. मुदत टळली आणि टर्न इन झालंच नाही, तर 'मिसिंग'.

घोळ होतो तो मधल्या पायरीवर. 'अ‍ॅड अटॅचमेंट' दाबून वहीचा फोटो जोडला, तो स्क्रीनवर दिसला, की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात फाइल फक्त जोडली गेली आहे, जमा झालेली नाही. टर्न इन दाबून, पुन्हा विचारल्यावर होकार देऊन, स्थिती 'टर्न्ड इन' झालेली डोळ्यांनी पाहायची. जिथे काहीच जोडायचं नसतं, उदाहरणार्थ "धडा मोठ्याने वाचा", तिथे त्याच जागी 'मार्क अ‍ॅज डन' दिसतं. तेही दाबावं लागतं.

दुसरी मेख मुदतीची. शिक्षकांनी फक्त तारीख दिली आणि वेळ दिली नाही, तर अ‍ॅप रात्रीचे 11:59 धरतं. जमा केल्यावर चूक आठवली तर 'अनसबमिट' करून दुरुस्ती करता येते. पण अनसबमिट केल्यावर पुन्हा टर्न इन करायलाच हवं, नाहीतर स्वाध्याय परत बाकीत जातो. आणि मुदतीआधी जमा केलेलं काम मागे घेऊन मुदतीनंतर पुन्हा दिलंत, तर त्याची नोंद 'उशिरा' अशीच होते. पहिल्यांदा वेळेत दिलं होतं, हे तिथे धरलं जात नाही. म्हणून गुरुवारी दिलेल्या निबंधातली एक वेलांटी सुधारायला शनिवारी अनसबमिट करू नका. 'प्रायव्हेट कमेंट'मध्ये शिक्षकांना लिहा. ती फक्त त्यांना आणि तुम्हाला दिसते. मुदतीनंतर काही घ्यायचंच नाही, अशी सोयही शिक्षकांकडे असते. ती लावली असेल तर मागे घेण्याचा विचारही नको.

जमा केलेली गुगल डॉकची फाइल तुम्हाला फक्त वाचता येते. "माझी फाइल लॉक झाली" अशी तक्रार येते ती यामुळेच. शिक्षकांनी परत दिली की पुन्हा लिहिता येतं.

मराठीचा निबंध फोनवर

हाताने लिहिलेला निबंध असेल तर प्रत्येक पानाचा सुटा फोटो जोडण्याऐवजी स्कॅन करून एकच पीडीएफ करा. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फोनची सावली पानावर न पाडता. पानं क्रमाने आहेत का हे एकदा बघा.

टाइप करायचा असेल तर जीबोर्डमध्ये मराठी कीबोर्ड घ्या, रोमन अक्षरांतून मराठी लिहिता येतं. 2017 पासून गुगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठीही आहे. पहिला कच्चा खर्डा बोलून काढायला ते मस्त आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि विरामचिन्हं हाताने तपासावीच लागतात. 'पाणी' आणि 'पानी' मधला फरक फोन सांगेलच असं नाही, आणि गुण तर त्याचेच असतात.

शक्य असेल तिथे निबंध गुगल डॉकमध्येच लिहा, असं मी म्हणेन. शिक्षक एखाद्या वाक्यावर नेमका शेरा लिहू शकतात आणि तुम्ही तेवढंच सुधारता. शिवाय डॉकमध्ये जुन्या आवृत्त्या साठतात. कॉम्प्युटरवर त्या सहज पाहता येतात. निबंध टप्प्याटप्प्याने लिहिलाय की कुठून तरी अख्खा आणून चिकटवलाय, हे तिथे बऱ्यापैकी कळतं. "एआयने लिहिलं" असा संशय कुणी घेतला, तर प्रामाणिक मुलाच्या बाजूने बोलणारी हीच गोष्ट असते.

एक गंमत. शिक्षकांनी डॉक देताना 'प्रत्येकाला वेगळी प्रत' हा पर्याय न निवडता सगळ्यांना बदलायची परवानगी दिली, तर अख्खा वर्ग एकाच फाइलमध्ये लिहायला लागतो आणि कुणीतरी कुणाचं तरी उत्तर पुसतं. असं दिसलं तर लिहू नका, आधी शिक्षकांना सांगा.

इतिहास-भूगोल: नकाशा आणि आजीची मुलाखत

नकाशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि पेन्सिलने लिहिलेलं 'इंद्रायणी' वाचता येत नाही. क्लासरूम नसेल आणि व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, दर्जा टिकतो.

गावाचा इतिहास, जुना बाजार, 1972 चा दुष्काळ अशा विषयांवर घरातल्या मोठ्यांशी बोलायचा प्रकल्प असेल तर फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरवर आवाज घ्या आणि ती फाइलही जोडा. आधी विचारून घ्या, आजी असली तरी. माहिती शोधताना मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत वाचता येतो. कुठून काय घेतलं ते उत्तराखाली एका ओळीत लिहा.

घरात एकच फोन असेल तर

भारतात स्वतः सांभाळायचं गुगल खातं 13 वर्षांपासून काढता येतं. सहावीतली मुलं त्याहून लहान असतात, म्हणून आईचं खातं वापरलं जातं आणि शिक्षकांच्या यादीत आईचं नाव झळकतं. दोन भावंडं त्याच खात्यावर असतील तर कुणाचं काम कुठलं हेच कळत नाही. शाळेला विचारा: पात्र शाळांना गुगलची शैक्षणिक खाती मोफत मिळतात. अशा खात्यांवर शाळेने सोय चालू केली तर पालकांना राहिलेल्या आणि येणाऱ्या कामाचा ईमेल रोज किंवा आठवड्याला मिळतो. साध्या जीमेल खात्यावर ही सोय नाही. तिथे पालकांना मुलाच्या फोनमधला क्लासवर्क टॅबच उघडून बघावा लागेल.

आणि "क्लासच दिसत नाही" असं झालं तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याआधी वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टॅप करा. बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचं खातं उघडं असतं.