हिसका, चाबूक आणि मणका

वेदनेला नाव देणारा तिचे पुढचे चरित्रही काही अंशी ठरवतो. मोटार-अपघातात मानेला बसणाऱ्या हिसक्याचा इतिहास पाहताना आम्हांला हे वारंवार जाणवले. मागून वाहन आदळले की आसनाबरोबर धड पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग पुढे फेकले जाते. हाड बहुधा मोडत नाही. क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसत नाही. दुखणे मात्र उरते.

न दिसणाऱ्या या दुखण्याचा पूर्वज रेल्वेच्या काळातला आहे. १८६६ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे-अपघातातील जखमींवरील व्याख्याने प्रसिद्ध केली. धक्क्याने मज्जारज्जूलाच इजा पोचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडले आणि भीतीचा वाटा मोठा मानला. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, आणि वादामागे नुकसानभरपाईचे खटले होते, हे विसरून चालणार नाही. साहित्याच्या अभ्यासकांना येथे डिकन्स आठवेल. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टच्या रेल्वे-अपघातातून तो वाचला. पण रेल्वेप्रवासाची धास्ती त्याला अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

मोटारी आल्या आणि दुखण्याला नवे नाव मिळाले. १९२८ साली अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञ हॅरोल्ड क्रो यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील व्याख्यानात ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटका, हा शब्द योजला. मान कशी हलते एवढेच त्यांना सांगायचे होते. परंतु डॉक्टर, रुग्ण आणि वकील या सर्वांनी ते रोगाचे नाव मानले, अशी खंत त्यांनीच पुढे १९६४ मध्ये व्यक्त केली. गतीचे वर्णन करणारे रूपक निदान होऊन बसले.

दुसरे रूपक त्याआधीच जन्मले होते. १८९५ साली आयोवातील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीचा सरकलेला मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. ‘जागचा हललेला मणका’ या कल्पनेवर कायरोप्रॅक्टिक उभे राहिले. चित्रात काहीच नाही असे ऐकून परतलेल्या रुग्णाच्या मानेवर येथे कोणी हात ठेवत होते, ‘इथे दुखते’ हे मान्य करत होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या उपचारकांवर टाकलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निवाडा १९८७ मध्ये झाला. मात्र तो व्यापारी स्पर्धेच्या कायद्याखालचा होता, उपचाराच्या गुणाविषयीचा नव्हता.

१९९५ मध्ये क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने या दुखापतीच्या ० ते ४ अशा पायऱ्या आखल्या. मानेला दीर्घकाळ पट्टा लावण्यापेक्षा लवकर हालचाल सुरू करण्यावर त्याने भर दिला. हातांनी केलेल्या उपचाराने काहींना, विशेषतः व्यायामाच्या जोडीने, आराम पडतो. पण पुरावा मर्यादित आहे, आणि मानेला जोराचा झटका दिल्यास क्वचित रोहिणीला इजा होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. सरकलेल्या मणक्याचा मूळ सिद्धांत तर टिकलेला नाही.

म्हणून वेदना खोटी ठरत नाही. एरिक्सन-पेज वादापासून आजवर रुग्णाला बहुधा दोनच पर्याय दिले गेले: दुखापत दाखव, नाहीतर ढोंगी ठर. रूपकावर शंका घेऊनही दुखणाऱ्या माणसावर विश्वास ठेवता येतो. तो तिसरा मार्ग आहे, आणि या इतिहासातून आम्हांला तोच घ्यावासा वाटतो.