तेलाच्या नळांतील काच

अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात टल्सा नावाचे शहर आहे. तेथील विल्यम्स या जुन्या कंपनीचा व्यवसाय तेल व वायू नळांवाटे दूरवर पोचविण्याचा. १९८५ च्या सुमारास तिचे काही नळ निकामी होऊन भूमीत पडून होते. दुसऱ्या कोणी ते मोडीत काढले असते. या मंडळींनी त्यांतून केसासारखे बारीक काचतंतू ओवले. खणण्याचा खर्च वाचला, लोखंडाचे कवच आयतेच लाभले, आणि तेलाच्या वाटेने प्रकाशाच्या रूपात मनुष्याचे बोलणे धावू लागले.

काचेतून संदेश दूरवर जाईल, ही कल्पना तेव्हा फार जुनी नव्हती. प्रकाश वाटेतच विझतो याचा दोष काचेकडे नसून तिच्यातील मळाकडे आहे, असे इंग्लंडमधील हार्लो येथे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली प्रतिपादिले. तशी निर्मळ काच कॉर्निंग कंपनीच्या मौरर, केक व शुल्ट्झ या त्रयीने १९७० मध्ये सिद्ध केली.

पुढे १९९६ च्या कायद्याने अमेरिकेत दूरध्वनीचा धंदा सर्वांस मोकळा झाला, आणि लोहमार्गांच्या कडेने, शहरांच्या रस्त्यांखालून चर खणण्याची अहमहमिका लागली. इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे जो तो सांगे. अँड्र्यू ओडलिझ्को या गणितज्ञाने हिशेब मांडून, ती दुप्पट व्हावयास सुमारे वर्ष लागते, असे १९९८ सालीच दाखविले होते. परंतु भरतीच्या वेळी ओहोटीची गोष्ट कोण ऐकतो? खरा खर्च चराचा, तंतूचा नव्हे. म्हणून एकदा चर खणला की गरजेहून कितीतरी अधिक तंतू त्यात टाकीत. त्यातच एका तंतूतून अनेक रंगांचे किरण एकाच वेळी पाठविण्याची युक्ती प्रगत झाली, आणि आधीच पुरलेल्या काचेची शक्ती कित्येक पटींनी वाढली.

व्हायचे तेच झाले. २००२ या एका वर्षात ग्लोबल क्रॉसिंग, विल्यम्सची दूरसंचार शाखा, मेट्रोमीडिया फायबर आणि वर्ल्डकॉम या कंपन्यांनी दिवाळे काढले. वर्ल्डकॉमचे तर हिशेबच खोटे निघाले. ज्यांनी आपली पुंजी या भागभांडवलात गुंतविली होती, त्या सामान्य माणसांच्या हाती काही उरले नाही. मुंबईच्या किनाऱ्यास लागलेली फ्लॅग ही सागरी तारही त्याच वर्षी अडचणीत आली. २००४ साली ती रिलायन्सने घेतली. तिच्या वारस कंपनीवर २०१९ मध्ये पुन्हा तीच पाळी आली.

धनी बुडाले, काच मात्र जमिनीत शाबूत राहिली. प्रकाश न सोडलेल्या अशा तंतूंना अंधारे तंतू म्हणतात. ज्यांच्यापाशी माहितीची प्रचंड कोठारे होती, त्या गूगलसारख्या कंपन्यांनी ते स्वस्तात घेण्यास आरंभ केला. यात दोन तऱ्हा आहेत. कोणी शेत खंडाने घेऊन स्वतः कसावे, तसा कोणी अंधारा तंतू घेऊन आपली यंत्रे लावतो. कोणी मात्र प्रकाश, राखण व दुरुस्ती सर्व दुसऱ्यावर सोपवून केवळ वापराचे पैसे भरतो. यांना आयत्या बिळावरचे नागोबा म्हणण्याचा मोह होतो. पण ते नसते तर ती काच आणखी कितीक वर्षे मुकी राहिली असती, हेही तितकेच खरे.

विल्यम्सचे जाळे २००५ मध्ये लेव्हल थ्री कंपनीने घेण्याचे ठरविले. ती २०१७ साली सेंच्युरीलिंकमध्ये विलीन झाली, आणि २०२० मध्ये त्या कंपनीने लुमेन हे नाव धारण केले. २०२४ साली लुमेनने जाहीर केले की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गरजेपोटी खासगी जाळ्यांचे पाच अब्ज डॉलरांचे करार झाले आहेत. ज्यांच्याशी नव्याने करार झाले, त्यांत मायक्रोसॉफ्टही होती. आता पुरलेली काच पुरेना. म्हणून त्याच वर्षी लुमेनने कॉर्निंगच्या जगभरच्या तंतु-उत्पादनक्षमतेचा दहावा हिस्सा पुढील दोन वर्षांसाठी आपल्याकरिता राखून घेतला.