अलंकारांची लिपी

अलंकार हे केवळ शोभेसाठी असतात, ही समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात फार दृढ झालेली आहे. सुताराने चौकटीवर वेलबुट्टी कोरावी तसा सोनाराने देहावर दागिना चढविला, एवढाच त्याचा अर्थ असे आम्ही धरून चालतो. आणि मग ज्या समाजातील स्त्रिया अंगभर दागिने घालतात त्यांना भडक म्हणून मोकळे होतो. उदगीरच्या बाजारात तांड्यावरून आलेल्या एखाद्या वृद्ध बंजारा स्त्रीकडे शहरी पाहुणा ज्या कौतुकमिश्रित उपहासाने पाहतो, त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. दोन्ही कानशिलांवर लोंबणारी चांदीची घुगरी, गळ्यातील हासली, थेट कोपराच्या वर चढलेल्या पांढऱ्या चुड्यांची रांग, वस्त्रावर शिवलेल्या कवड्या व आरसे पाहून त्याचे डोळे दिपतात. परंतु यात काही लिहिलेले असेल, अशी शंकाही त्यास येत नाही.

वास्तविक तेथे बरेच काही लिहिलेले असते. घुगरी व दंडावरचा चुडा ही विवाहितेची लेणी होत. कुमारिकेने ती घालावयाची नसतात आणि पती निवर्तल्यावर ती उतरावी लागतात. अर्थात तांड्यातील माणूस समोरून येणाऱ्या स्त्रीची अवस्था, तिने तोंड उघडण्यापूर्वीच वाचतो.

असे वाचन जगात इतरत्रही चालत आले आहे. प्राचीन रोममध्ये स्वतंत्र नागरिकाच्या मुलाच्या गळ्यात 'बुल्ला' नावाचा ताईत असे. वयात येताच तो मुलगा त्याचा त्याग करी. न्यूझीलंडच्या माओरी सरदारांनी तर याहून मोठी मजल मारली. जमिनीच्या खरेदीखतांवर व १८४० च्या वायतांगीच्या तहावर त्यांपैकी कित्येकांनी सही म्हणून आपल्या मुखावरील गोंदणाची आकृतीच काढून दिली! ज्यास आम्ही विद्रूपता म्हणू, ती त्यांची मुद्रा होती.

बंजाऱ्यांच्या अलंकारांत आणखी एक अर्थ आहे, आणि तो आर्थिक आहे. हा समाज मूळचा वाहतूकदार. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून तो देशभर फिरे. दक्षिणेतील मोहिमांत मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजा त्याने आणलेल्या दाण्यावर पोसल्या गेल्या. ज्या उदगीरच्या परिसरात १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, तो मुलूखही अशाच बैलांच्या वाटांनी विणलेला होता. ज्यास घर नाही, तळघर नाही, पेढी नाही, त्याने आपली पुंजी ठेवावी कोठे? ती त्याने पत्नीच्या अंगावर ठेवली. पुढे आगगाडी व सडका आल्या आणि तांड्यांचा धंदा बसला. भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा १८७१ साली आला, आणि अनेक ठिकाणी बंजारेही त्या जाळ्यात सापडले. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पडत्या काळात त्या चांदीतील किती चांदी सावकाराच्या तराजूत गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

उदगीर हे तीन भाषांच्या शेजारात वसलेले गाव. कर्नाटक व तेलंगण दोन्ही येथून जवळ. तीच घुगरी, तोच चुडा, तीच बोली. परंतु बिदरकडची बंजारा स्त्री सरकारी दप्तरात अनुसूचित जातीची, तेलंगणातील अनुसूचित जमातीची आणि उदगीरची विमुक्त जातीची ठरते. सख्ख्या बहिणींचे विवाह सीमेच्या दोन बाजूंस झाले, तर त्यांच्या लेकरांना मिळणाऱ्या सवलतींतही भेद पडतो. अंगावरील लिपी एक आणि सरकारी लिप्या तीन, हा प्रकार मोठा चमत्कारिक खरा.

या अलंकारांच्या प्राचीनत्वाविषयी मात्र फार उतावीळ विधाने केली जातात. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेल्या कांस्य नर्तिकेचा डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. तेवढ्यावरून बंजारा स्त्री तिची थेट वारस ठरविली जाते. याहून सबळ पुरावा आमच्या मराठवाड्यात आहे. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली हस्तिदंताची एक वीतभर भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्या अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, परंतु मनगटापासून वर बांगड्यांची व पायांत वाळ्यांची दाटी आहे. तिच्याशी अत्यंत सदृश अशी खंडित मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे, नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली केलेल्या उत्खननात मिळाली. तेर येथेही तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळालेली आहे. हे तेर म्हणजेच ग्रीक व्यापाऱ्यांचे 'तगर'. तेव्हा पाँपेईच्या धनिकाघरी गेलेली ती सुंदरी आमच्या गोदाकाठची असावी, असा तर्क करण्यास पुष्कळ आधार आहे. तथापि तिच्या बांगड्या आणि तांड्यावरील चुडे यांच्यामध्ये अठरा शतकांचे अंतर आहे. ते केवळ दिसण्यातील साम्यावर ओलांडणे आम्हांस मान्य नाही.

ही सावधगिरी किती आवश्यक आहे, हे नथीच्या उदाहरणावरून कळेल. महाराष्ट्रीय सौभाग्याचे इतके ठसठशीत चिन्ह दुसरे नाही. ती अनादि असावी असेच कोणासही वाटेल. परंतु अजिंठ्याची चित्रे पाहावी, वेरुळची शिल्पे पाहावी. मुकुट, कर्णभूषणे, मोत्यांचे सर, केयूर, मेखला यांची तेथे लयलूट आहे, आणि ती स्त्रियांइतकीच पुरुषांच्या अंगावर! नाकात मात्र काहीही नाही. प्राचीन संस्कृत वाङ्मयही नाकातील दागिन्याविषयी मौन पाळते. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील आपल्या १९३८ च्या इंग्रजी ग्रंथात याकडे लक्ष वेधून हा अलंकार मुसलमानी संपर्कानंतरचा ठरविला. जी वस्तू मध्ययुगात बाहेरून आली, ती काही शतकांत कुलस्त्रीचे लक्षण होऊन बसली, आणि तिच्यावाचून देवीची मूर्तीही अपुरी वाटू लागली. परंपरा म्हणून जे मिरविले जाते त्याचे वय विचारण्यास लाजू नये.

वय विचारावे, त्याचप्रमाणे सक्ती कोणाची हेही विचारावे. हॅनिबलच्या स्वारीच्या धामधुमीत, ख्रिस्तपूर्व २१५ साली, रोमने स्त्रियांनी अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये असा कायदा केला. युद्ध संपले तरी कायदा राहिला. तेव्हा ख्रिस्तपूर्व १९५ मध्ये रोमच्या स्त्रिया रस्त्यांवर उतरल्या आणि केटोसारख्या कर्मठ मुत्सद्द्याचा विरोध मोडून त्यांनी तो रद्द करविला. आमच्याकडे याच्या उलट दृश्य दिसते: कायद्याने नव्हे, तर रूढीने अलंकार हिरावून घेतले जातात, तेही दुःखाच्या ऐन क्षणी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे व मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्याने हे करावे, यास आम्ही लहानसहान गोष्ट समजत नाही.

तांड्यांवर हा प्रश्न दोन पिढ्यांत दोन प्रकारे उभा आहे. उसाच्या फडावर कोयता चालविणाऱ्या सुनेने घुगरी घालणे सोडले, कारण कामात ती अडते. शहरात शिकणाऱ्या नातीने सोडले, कारण बसमध्ये लोक वळून पाहतात. यात खेद करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. उतरविणारा हात तिचा स्वतःचा आहे. आजीची गोष्ट निराळी. तिची घुगरी दुसऱ्यांनी उतरविली होती. अडीअडचणीला या दोन्ही घुगऱ्या एकाच फडक्यात बांधून उदगीरच्या सराफाकडे येतात, आणि तो त्या एकाच भावाने वजन करून घेतो.