तिसरा माग

१९२८च्या एप्रिलअखेर मुंबईतल्या जवळजवळ सगळ्या कापडगिरण्या बंद पडल्या, त्या उघडल्या ऑक्टोबरात. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने पगाराविना राहिले. भांडण पगारकपातीचं होतंच, पण त्याच्या मुळाशी एक साधा हिशोब होता. साळखात्यातला कामगार तोवर दोन माग सांभाळत असे. आता त्याने तीन सांभाळावेत असं मालकांचं म्हणणं. त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, साच्याची एक बाजू बघणाऱ्याने दोन बघाव्यात. दाखला ठरलेला होता. लँकेशायरचा विणकर चार माग चालवतो, जपानातल्या मुली त्याहून जास्त, मग आमच्याच कामगाराला काय धाड भरली आहे?

या प्रश्नाचं उत्तर मालकांनी स्वतःच देऊन टाकलं होतं: मुंबईचा कामगार अडाणी, कमजोर आणि कामचुकार. सरकारी समित्यांच्या कागदांत, टॅरिफ बोर्डापुढच्या निवेदनांत हीच तीन विशेषणं आलटूनपालटून भेटतात. या माणसाला काम शिकवलं कोणी, याची चौकशी त्या मानाने फार थोड्यांनी केली.

खरं तर कोणी शिकवलंच नव्हतं. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवची गिरणी सुरू झाली, तेव्हा यंत्रं लँकेशायरची होती. पुढेही कित्येक वर्षं स्पिनिंग मास्तर आणि वीव्हिंग मास्तर तिकडूनच येत. कामगार आला रत्नागिरीहून, साताऱ्याहून, नगर-पुण्याच्या कोरडवाहू गावांतून. चुलत्याचा, मामाचा किंवा गाववाल्याचा हात धरून तो खात्यात शिरायचा, त्याच्या मागे उभा राहून बघायचा आणि बघताबघता हात चालवायला लागायचा. चूक झाली तर शिवी, फार झाली तर दंड. बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेण्याची चाल होती. म्हणजे शिकण्याचा खर्चही शिकणाराच सोसत होता.

मधे उभा होता जॉबर. भरती तोच करी, रजा तोच देई, खाड्याच्या जागी बदली तोच घेई, माग अडला तर दुरुस्तही तोच करी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणीकडे. जॉबर हे गिरणगावातलं मोठं प्रस्थ होतं आणि त्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. तरी यंत्राची खरी जाण असलेला खात्यातला माणूस बहुधा तोच असे. अडचण अशी की नोकरी लागण्यासाठी कामगाराला त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. ज्याचा फायदा नवीन माणूस घेण्यात आहे, त्याने जुना माणूस तयार करून टिकवावा कशासाठी? १९३१मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली, तोवर पाऊणशे वर्षं उलटली होती.

शिक्षणाची सोय अजिबात नव्हती असं नाही. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून १८८७मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तीच आजची व्हीजेटीआय, आधी भायखळ्यात आणि १९२३पासून माटुंग्यात. तिथून बाहेर पडलेल्या हिंदी तरुणांनी हळूहळू लँकेशायरच्या मास्तरांच्या जागा घेतल्या, आणि ते मोठंच काम झालं. पण ही शाळा मास्तर घडवणारी होती. मागापुढे उभा राहणारा पूर्वीसारखाच मामाच्या मागे उभा राहून शिकत राहिला.

त्यातही मामा कोण, यावर सगळं अवलंबून असे.

साळखात्यात पगार बरा मिळे, आणि तिथेच महार कामगारांना दार बंद होतं. कारण ऐकताना क्षुल्लक वाटतं. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं, अशी रीत होती. ती आली लँकेशायरहून. एका विणकराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार. शेजारच्या मागावर अस्पृश्य असेल तर सवर्ण विणकराला ते चालत नसे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११मध्ये असल्या धोट्यांवर बंदी घातली, ती रोगराईच्या भीतीने. मुंबईत त्याच धोट्याने पिढ्यान्‌पिढ्यांचं एक कौशल्य एका समाजाच्या आवाक्याबाहेर ठेवलं. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकांकडे न्याय मागणाऱ्यांनी आपल्याच खात्यातली ही बंदी आधी उठवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. अकुशल म्हणून ज्यांची गणना होत होती त्यांच्यातल्या कित्येकांना कुशल होण्याची मुभाच नव्हती, हे कार्यक्षमतेच्या कोष्टकात कुठे दिसायचं?

आणि कापूस. कार्यक्षमतेवर बोलताना बहुतेकांनी कामगाराचे हात पाहिले, हातातलं सूत पाहिलं नाही. हिंदी कापूस आखूड धाग्याचा. भाव बघून मालक त्यात आणखी हलका माल मिसळत. मिश्रण बाजारासारखं बदले. अशा सुताचा धागा वारंवार तुटतो. तुटला की साचा किंवा माग तेवढ्यापुरता अडतो, माणूस धावतो, सांधतो, परत येतो. एका माणसाने किती माग सांभाळावेत हे त्याच्या वकुबाइतकंच, किंबहुना जास्तच, तासाला किती धागे तुटतात यावर ठरतं. साळखात्यात पगार उक्त्यावर असल्याने तुटक्या सुताचा फटका थेट विणकराच्या पोटाला बसे. तिसरा माग घ्यायला सांगता, तर सूत चांगलं द्या, हे कामगारांचं उत्तर आळसाचं नव्हतं. ते धंद्याच्या जाणकाराचं होतं.

हवेचीही तीच गत. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल लागते, म्हणून खात्यात वाफ सोडायची आणि ओल टिकावी म्हणून खिडक्या मिटून घ्यायच्या. मे महिन्यात मुंबईत खिडक्या उघड्या ठेवूनही जीव नकोसा होतो. इथे वरून पत्रा, खालून वाफ, भोवती कापसाची तूस आणि कानठळ्या बसवणारी मागांची खडखड. अशा जागी माणूस किती तास काम करत होता? विजेचे दिवे येण्याआधी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. १९०५च्या सुमारास दिवे आले आणि कामाचा दिवस कुठे कुठे चौदा तासांवर गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गोळा केलेल्या साडेपाच हजार सह्यांच्या अर्जातली पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती; रविवार मिळाला १८९०च्या जूनमध्ये. पुरुषांच्या दिवसाला कायद्याने बांध घातला १९११ साली, तोही बारा तासांचा. १९२२मध्ये अकरा तास झाले, १९३४मध्ये दहा.

कामगार विडी ओढायला जातात, नळावर रेंगाळतात, पायरीवर बसून भाकरी खातात, अशा तक्रारी चौकशी आयोगांपुढे मालकांनी पुन्हा पुन्हा केल्या. गंमत म्हणजे तास कमी करू नयेत यासाठी हाच पुरावा पुढे केला जाई: एवढे रेंगाळतात, मग एवढे तास त्यांना जड कुठे जातात? चौदा तास कोणालाच सलग जुंपून घेता येत नाही, म्हणून माणूस विश्रांती चोरून घेतो, हा अर्थ लावायला आयोगांना बराच वेळ लागला.

उलटा अनुभव आजच्या महाराष्ट्रातच, नागपुरात, आधीच येऊन गेला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिथेही गैरहजेरीने व्यवस्थापक बेझनजी मेहता हैराण होते. त्यांनी दंड वाढवण्याऐवजी गिरणी बदलायला घेतली. हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रणा बसवली, जुनी यंत्रं काढून टाकली, ब्रुक्सबी या तंत्रज्ञाच्या मदतीने रिंग साच्यांचे प्रयोग केले. १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला, १८९५मध्ये अपघाताची भरपाई. शिकलेल्या तरुणांना उमेदवारीवर घेऊन खात्याखात्यातून फिरवण्याचीही सोय झाली. यात परोपकार किती आणि धंदा किती, हा वाद रिकामा आहे. टाटांना दोन्ही कळत होतं, आणि एम्प्रेसने भागधारकांना भरभरून दिलं.

मुंबईतही थोड्यांना हे उमगलं होतं. ससून, फिन्ले आणि कोहिनूर या गिरण्यांत जादा साचे-माग देण्याची योजना राबवली गेली, तेव्हा माल आणि यंत्रं सुधारण्याची भाषाही सोबत होती. बाकीच्यांनी फक्त आकडा उचलला. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे वाद झडला तो याच सांध्यावर.

पुढची गोष्ट अहमदाबादची. १९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस सारा‍भाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे एका खात्यात नवेकोरे स्वयंचलित माग बसवले होते, तब्बल २२४. पण उत्पादन जुन्या मागांच्या तुलनेत समाधान देत नव्हतं. यंत्र उत्तम, कामगार निवडक, हवाही बरी. राइसना खोट दिसली कामाच्या वाटणीत. विणकराकडे तीसेक माग, कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास, तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे त्याहूनही जास्त. कोणाचा कोणाशी मेळ नाही, एका मागाबद्दल जबाब मागायचा तर पाच जण वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवणार. लहान लहान टोळ्या कराव्यात आणि ठरावीक माग एकेका टोळीच्या स्वाधीन करावेत असं सुचवताच कामगारांनी ती कल्पना उचलून धरली आणि कोण कोणाबरोबर हेही आपसांतच ठरवून टाकलं. काही महिन्यांत कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास होती ती ९५च्या जवळ गेली, बिघडलेल्या कापडाचं प्रमाण बरंच उतरलं.

माणसं तीच, माग तेच. १९७०च्या सुमारास टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी पुन्हा तिथे जाऊन पाहिलं, तेव्हा एका खात्यात टोळ्यांची पद्धत आणि तिचं उत्पादन सोळा वर्षं जवळपास तसंच टिकलेलं आढळलं. दुसरीकडे ती मोडकळीला आली होती, आणि तिथली माणसं पुन्हा आपापल्या मागापुरतं बघू लागली होती.